पडदा किती मोठा? आधी टेबल मोजा

मे महिन्याची सुट्टी लागली, की अनेक घरांत एक मागणी हमखास पुढे येते. मुलाला किंवा मुलीला संगणकासाठी ‘मोठा मॉनिटर’ हवा असतो. गेम खेळायला तो लागतोच. शिवाय रात्री सगळ्यांना मिळून चित्रपट पाहता येतील, असे मधाचे बोटही मागणीसोबत लावले जाते. त्यावर वडीलधाऱ्यांचे उत्तर ठरलेले असते : “एवढ्या मोठ्या पडद्यासमोर तासन्‌तास बसलास, तर डोळ्यांचे काय होईल?”

आमच्या घरीही हाच संवाद झाला. मुलगा तेव्हा नववीत होता. डोळ्यांच्या काळजीपोटी आम्ही वर्षभर त्याला नकार देत राहिलो. त्या वर्षात तो खेळत नव्हता का? खेळत होता, पांघरूण डोक्यावर ओढून, मोबाइल नाकापासून वीतभर अंतरावर धरून, रोज. वर्षाअखेरीस त्याच्या चष्म्याचा नंबर पुन्हा वाढला, तेव्हा नेत्रतज्ज्ञ बाईंनी घरात पडदे किती आहेत हे विचारलेच नाही. “तो पडदा किती लांब धरतो?” एवढेच त्यांनी विचारले, आणि आम्ही दोघे एकमेकांकडे पाहू लागलो. मोठा पडदा नाकारून आम्ही त्याच्या हाती सर्वांत जवळचा पडदा दिला होता.

त्यांनी जे समजावले, ते प्रत्येक पालकाने समजून घ्यावे असे आहे. डोळ्यातील भिंगाभोवती एक नाजूक स्नायू असतो. दूरचे पाहताना तो सैल असतो. जवळचे पाहायचे झाले की तो आवळला जातो, भिंग फुगीर होते आणि प्रतिमा दृष्टिपटलावर नेमकी पडते. हा जोर किती लागतो, ते चष्म्याच्या नंबरच्याच मापाने, म्हणजे डायॉप्टरमध्ये सांगता येते. वस्तू एक मीटरवर असेल तर एक डायॉप्टर, ५० सेंटिमीटरवर असेल तर दोन, २५ सेंटिमीटरवर असेल तर चार. वीतभर अंतरावरचा मोबाइल डोळ्यांकडून चार किंवा त्याहूनही अधिक डायॉप्टरचा जोर मागतो. हात लांब केल्यावर बोटे जिथे पोहोचतात, तिथे, म्हणजे ६५-७० सेंटिमीटरवर ठेवलेला मॉनिटर सुमारे दीडच मागतो. शिवाय जवळचे पाहताना दोन्ही बुबुळे नाकाकडे वळवून धरावी लागतात, ते श्रम वेगळेच. आमची भीती खरी होती. तिचा रोख मात्र चुकला होता. पडद्याच्या आकाराला आम्ही भ्यालो, त्याच्या जवळिकीला भ्यालो नाही.

याचा अर्थ मोठा मॉनिटर हे डोळ्यांचे औषध आहे, असा कोणी घेऊ नये. मुलांमधील लघुदृष्टिदोष, म्हणजे दूरचे अंधूक दिसणे, वाढण्यामागे जवळचे काम आहे, आनुवंशिकता आहे, आणि उघड्यावरच्या प्रकाशाचा अभावही आहे. तैवानमध्ये २०१० पासून शाळकरी मुलांना रोज १२० मिनिटे घराबाहेर, उजेडात ठेवण्याचा उपक्रम राबवण्यात आला, आणि वर्षानुवर्षे चढत गेलेले अधू दृष्टीचे प्रमाण त्यानंतर उतरू लागले. म्हणून आमच्या घरी मॉनिटरला होकार मिळाला, तो संध्याकाळच्या मैदानाच्या अटीवर. ही अट खरेदीनंतर घालून चालत नाही. आधीच घालावी लागते, हे अनुभवाने सांगते.

टेबलाची खोली, मग पडद्याची रुंदी

होकार दिल्यावर आम्ही दुसरी चूक केली. सवलतीच्या मुहूर्तावर ३२ इंचांचा एक मॉनिटर घाईघाईने घरी आणला. मुलाचे अभ्यासाचे टेबल दीड फूट खोल, म्हणजे ४५ सेंटिमीटर. मॉनिटरच्या स्टँडचे पसरट पाय निम्म्या टेबलापर्यंत आले, कीबोर्ड कडेला लोंबकळू लागला आणि पडदा त्याच्या चेहऱ्यासमोर भिंतीसारखा उभा राहिला. आठ दिवसांत मान दुखू लागली, पंधरा दिवसांत कपाळ. दुकानदाराने खोका उघडल्याचे कारण देऊन मॉनिटर परत घेतला नाही. शेवटी टेबल बदलावे लागले. सवलतीत वाचलेले पैसे असे सुतारकामात गेले.

म्हणून माझे पहिले आग्रहाचे सांगणे असे, की दुकानात किंवा संकेतस्थळावर जाण्याआधी आपण टेबल मोजावे. ताठ बसल्यावर आपले डोळे टेबलाच्या कडेपासून जेवढे मागे असतात, साधारण तेवढाच पडदा स्टँडमुळे भिंतीपासून पुढे येतो. त्यामुळे ही दोन मापे एकमेकांना खाऊन टाकतात, आणि टेबलाची खोली हेच ढोबळमानाने डोळ्यांपासून पडद्याचे अंतर ठरते. दीड फुटाच्या टेबलावर ४५ सेंटिमीटर, दोन फुटांच्या टेबलावर ६०, अडीच फुटांच्या टेबलावर ७५. घरातला मॉनिटर ५० सेंटिमीटरहून जवळ नसावा, आणि ६०-७५ सेंटिमीटर हे अंतर बहुतेकांना मानवते.

आता पडद्यांची मापे पाहू. खोक्यावर लिहिलेले इंच हे तिरके, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचे माप असते. त्यावरून रुंदीचा अंदाज येत नाही. नेहमीच्या रुंद आकाराचा, म्हणजे १६:९ प्रमाणाचा २४ इंची पडदा सुमारे ५३ सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर उंच असतो. २७ इंची पडदा ६० बाय ३४ सेंटिमीटरचा, तर ३२ इंची ७१ बाय ४० सेंटिमीटरचा. ज्याला ‘अल्ट्रावाइड’ म्हणतात तो २१:९ प्रमाणाचा ३४ इंची पडदा सुमारे ८० सेंटिमीटर रुंद असतो, पण त्याची उंची जेमतेम २७ इंचीइतकीच भरते. आकड्यावरून तो ३२ इंचीपेक्षा मोठा वाटतो. प्रत्यक्षात त्याहून बराच बुटका असतो. ही गोष्ट अनेकांच्या लक्षात येते ती खोका उघडल्यावर.

एक सोपा घरगुती प्रयोग करून पाहावा. आपल्या रोजच्या मोठ्या आकाराच्या वर्तमानपत्राचे एक पान आडवे धरले, तर ते जवळपास २४ इंची पडद्याएवढे भरते. पाने जोडून, कापून हव्या त्या मापाचा कागद तयार करावा आणि मॉनिटर जिथे येणार तिथे दोन दिवस चिकटवून ठेवावा. समोर खुर्ची घेऊन बसावे. कागदाचे दोन्ही कोपरे पाहायला मान वळवावी लागते का, की नुसती नजर फिरवून भागते? गेममध्ये नकाशा एका कोपऱ्यात आणि उरलेली ताकद दुसऱ्या कोपऱ्यात दाखवलेली असते. खेळणारा दर काही सेकंदांनी त्या दोन्हींकडे पाहतो. तासाभरात शेकडो वेळा मान फिरवावी लागणार असेल, तर तो पडदा त्या टेबलासाठी मोठाच.

दोन फुटांच्या टेबलावर २४ किंवा २७ इंची पडदा शोभतो. ३२ इंची किंवा अल्ट्रावाइड घ्यायचा, तर टेबल अडीच फुटांचे असावे. टेबल बदलणे शक्य नसेल, तर मॉनिटर भिंतीवर किंवा टेबलाच्या मागच्या कडेला आवळलेल्या धातूच्या हातावर बसवावा. दहा-पंधरा सेंटिमीटर अंतर तेवढ्यानेही मिळते. त्यासाठी मॉनिटरच्या पाठीवर चार स्क्रूंची चौकोनी जागा असते. ती ७५ किंवा १०० मिलिमीटरची आहे, की मुळात नाहीच, हे विकत घेण्यापूर्वी पाहावे. स्वस्त मॉनिटरांत ती कधी कधी गाळलेली असते.

सिनेमाची चौकट

“चित्रपट पाहायला रुंदच पडदा हवा” हे दुकानातले वाक्य अर्धेच खरे आहे. चित्रपटाची चौकट एकच कधी नव्हती. जुन्या चित्रपटांची चौकट चौरसाकडे झुकणारी, साधारण ४:३ प्रमाणाची असे. पुढे १९५३ मध्ये हॉलिवूडने दूरचित्रवाणीशी स्पर्धा करण्यासाठी ‘सिनेमास्कोप’ आणला आणि पडदा एकदम लांबरुंद झाला. आपल्याकडे गुरुदत्त यांचा ‘कागज के फूल’ हा १९५९ मधला पहिला सिनेमास्कोप चित्रपट. आजचे बरेचसे भव्य चित्रपट त्याच रुंद प्रमाणात असतात. घरातल्या दूरचित्रवाणी संचांचे आणि बहुतेक मॉनिटरांचे १६:९ हे प्रमाण म्हणजे या दोन टोकांमधली तडजोड.

परिणाम असा, की १६:९ च्या पडद्यावर रुंद चित्रपट लावला की वर-खाली काळ्या पट्ट्या येतात आणि सुमारे पाव उंची वाया जाते. अल्ट्रावाइडवर तोच चित्रपट काठोकाठ भरतो, आणि ते दृश्य मोहक असते यात शंका नाही. पण त्याच अल्ट्रावाइडवर क्रिकेटचा सामना, मालिका किंवा शिकवणीचे चलचित्र लावले, तर डावी-उजवीकडे काळ्या पट्ट्या येतात आणि पाव रुंदी रिकामी राहते. जुना चित्रपट लावला तर जवळपास निम्मा पडदा काळाच. आमच्याकडे १६:९ चा पडदा आहे, त्यावर आचार्य अत्रे यांचा १९५३ चा ‘श्यामची आई’ लावला, तेव्हा सासूबाई नातवाला म्हणाल्या, “अरे, दोन्ही बाजूंचा पडदा उघडायचा राहिलाय.” नाटकांच्या पिढीचे हे निरीक्षण त्याने पुढे मित्रांना बरेच दिवस ऐकवले.

गेमच्या बाजूनेही हाच विचार करावा. मोटारींच्या शर्यती, विमान उडवणे, विस्तीर्ण जग हिंडून पाहण्याचे खेळ यांना अल्ट्रावाइड फार सुंदर दिसतो. पण घरात प्लेस्टेशनसारखे खेळयंत्र असेल, तर ते २१:९ चे चित्र देतच नाही. काही स्पर्धात्मक संगणकीय खेळही जास्त रुंदी मुद्दाम नाकारतात, कारण रुंद पडद्याच्या खेळाडूला बाजूचा शत्रू आधी दिसला तर ते न्यायाचे होणार नाही. एकच पडदा अभ्यास, खेळ आणि चित्रपट अशा तिन्हींसाठी घ्यायचा असेल, तर २७ इंची १६:९ हा माझ्या मते बहुतेक घरांना पुरेसा आणि सोयीचा आहे.

आणखी एक गोष्ट स्पष्टच सांगते. ‘सगळ्यांना मिळून चित्रपट’ हे मॉनिटरचे काम नव्हे. चित्रपट निवांत पाहायला पडद्याच्या रुंदीच्या साधारण दुप्पट अंतरावर बसावे, असे ढोबळ गणित धरले, तर २७ इंची पडद्यासमोरची जागा सव्वा मीटरवर येते. तिथे दोन खुर्च्या मावतात. अडीच मीटरवरच्या सोफ्यावरून तोच पडदा खिडकीतून डोकावल्यासारखा दिसतो. तिथून ५५ इंची दूरचित्रवाणी संच योग्य ठरतो. तो घरात आधीच असेल, तर मॉनिटर एका माणसाच्या सोयीने निवडावा आणि पैसे वाचवावेत.

वक्र पडद्याचे आकर्षणही असेच तपासून घ्यावे. खोक्यावर १५००आर, १८००आर असे लिहिलेले असते. तो वक्रतेच्या त्रिज्येचा मिलिमीटरमधला आकडा. आकडा लहान तितका बाक जास्त. ८० सेंटिमीटर रुंदीच्या सपाट पडद्याची टोके मध्यापेक्षा दहा-अकरा सेंटिमीटर लांब पडतात, म्हणून तिथे बाक उपयोगाचा आहे. २७ इंचीवर त्याची गरज नसते. आणि बाजूच्या खुर्चीवर बसलेल्या बहिणीला वक्र पडद्यावरचे चित्र वेडेवाकडेच दिसते.

दाणा, वेग आणि चित्राचा कस

पडदा मोठा आणि त्यावरचे ठिपके तेवढेच, असे झाले की अक्षर फुटते. आमच्या त्या ३२ इंचीवर १९२० बाय १०८० ठिपके होते. खेळ चालून गेला, पण धडा वाचायला बसला की मुलगा डोळे बारीक करी. हीच ठिपकेसंख्या २४ इंचीवर ठीक दिसते. २७ इंचीला २५६० बाय १४४०, ३४ इंची अल्ट्रावाइडला ३४४० बाय १४४०, आणि ३२ इंचीला निदान २५६० बाय १४४०, शक्य असल्यास ‘फोर-के’ म्हणजे ३८४० बाय २१६० असावी. मात्र ठिपके वाढले की ते रंगवणारे ग्राफिक्स कार्डही तगडे लागते. जुन्या संगणकाला फोर-के मॉनिटर जोडून गेम अडखळत चालवणे म्हणजे बैलगाडीला विमानाचे चाक लावणे.

पडदा सेकंदाला किती वेळा नवे चित्र दाखवतो, ते हर्ट्‌झमध्ये सांगतात. ६० हर्ट्‌झवर एक चित्र सुमारे १७ मिलिसेकंद टिकते, १४४ वर सात. वेगवान खेळात हा फरक डोळ्यांना जाणवतो. हलत्या कडा स्वच्छ दिसतात. चित्रपट बहुधा सेकंदाला २४ चित्रांचा असतो. ६० ला २४ ने पूर्ण भाग जात नाही, त्यामुळे संथ फिरणाऱ्या दृश्यात बारीक धक्के दिसतात. १२० आणि १४४ ला भाग जातो. तेव्हा १२० ते १६५ हर्ट्‌झचा पडदा दोन्ही छंदांना पुरतो. त्यापलीकडचे आकडे व्यावसायिक खेळाडूंसाठी सोडून द्यावेत. ‘एक मिलिसेकंद’ या मोठ्या अक्षरांतल्या जाहिरातीवरही फार विसंबू नये.

पडद्याच्या जातीविषयी थोडक्यात सांगते. ‘आयपीएस’ जातीत रंग बाजूने पाहिले तरी बदलत नाहीत. मात्र अंधाऱ्या खोलीत काळा रंग राखाडी वाटतो. ‘व्हीए’ जातीत काळा गडद असतो, रात्रीचे चित्रपट उठून दिसतात, पण वेगवान खेळात काळोख्या भागात चित्र किंचित फरफटते. ‘ओएलईडी’चा काळा खरोखरच काळा, किंमत चढी, आणि एकच स्थिर चिन्ह तासन्‌तास दाखवले तर त्याची खूण कायमची उमटण्याचा धोका. ज्या घरात त्याच पडद्यावर अभ्यासही होणार आहे, तिथे मी आयपीएस सुचवीन.

अंधारातला पडदा

चित्रपटगृहासारखे वाटावे म्हणून मुले दिवे मालवून बसतात. चित्रपटगृहाचा पडदा मात्र परावर्तित, सौम्य प्रकाशाचा असतो, आणि तो आपल्यापासून कित्येक मीटर दूर असतो. मॉनिटर हा स्वतः पेटलेला दिवा आहे. गडद खोलीत बाहुल्या विस्फारलेल्या असतात आणि त्यांच्यासमोर हा दिवा भगभगतो. डोळे चुरचुरण्याचे, कपाळ ठणकण्याचे ते एक मोठे कारण. मॉनिटरच्या मागे, भिंतीकडे तोंड करून एक मंद दिवा लावला, तर काळ्या रंगाची गडदता कमी न होता हा ताण उतरतो. या सबंध लेखातली सर्वांत स्वस्त सूचना हीच असेल.

या संदर्भात एक जुनी घटना आठवावी. १६ डिसेंबर १९९७ च्या संध्याकाळी जपानमध्ये ‘पोकेमॉन’ मालिकेच्या एका भागात लाल आणि निळा प्रकाश सेकंदाला सुमारे बारा वेळा आलटूनपालटून चमकला. भोवळ, मळमळ, काहींना प्रत्यक्ष झटके येऊन सहाशेहून अधिक मुलांना रुग्णालयात न्यावे लागले. तेव्हापासून जपानी व्यंगचित्रमालिकांच्या आरंभी ‘खोली उजळ ठेवा, पडद्यापासून दूर बसा’ अशी सूचना देण्याची प्रथा पडली. अशी प्रकाशसंवेदनशीलता फार थोड्यांत असते. पण घरात फेफऱ्याचा इतिहास असेल, तर लखलखाटाचे खेळ सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे.

डोळ्यांना न दिसणारा लखलखाट आणखी एक असतो. काही मॉनिटर उजेड कमी करण्यासाठी मागचे दिवे खरोखर मंद करत नाहीत. ते सेकंदाला शेकडो वेळा विझवून पेटवतात. काही लोकांना त्याने डोके धरते. खोक्यावर ‘फ्लिकर-फ्री’ लिहिलेले असले, तरी दुकानात पडताळून पाहावे. मॉनिटरचा उजेड पावपट करायला सांगावा, त्यावर कोरे पांढरे पान उघडावे आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यातून संथगती चित्रणात पाहावे. काळे पट्टे सरकताना दिसले, तर दुसरा मॉनिटर दाखवायला सांगावे.

निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्यांवर मात्र खर्च करू नये. उपलब्ध चाचण्यांचा २०२३ मध्ये घेतलेला कोक्रेन आढावा असा, की या भिंगांनी डोळ्यांचा थकवा निदान अल्पावधीत कमी होत नाही. थकवा येतो तो एकटक पाहण्याने. एरवी आपण मिनिटाला पंधराएक वेळा पापण्या मिटतो; पडद्यात गुंतलो की हे प्रमाण निम्म्याने किंवा त्याहूनही खाली येते, आणि डोळे कोरडे पडतात. दर वीस मिनिटांनी वीस फुटांपलीकडे वीस सेकंद पाहावे, ही डोळ्यांच्या डॉक्टरांची सूचना म्हणूनच सर्वत्र सांगितली जाते. गेममध्ये एक डाव संपून दुसरा सुरू होईपर्यंत जो वेळ जातो, तो यासाठी आयता आहे. आमच्या मुलाने खिडकीतला समोरच्या इमारतीवरचा पाण्याचा टाका त्यासाठी नेमून घेतला आहे.

मान, खिडकी, हेडफोन

पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली असावी, म्हणजे नजर आपोआप खाली झुकते आणि मान सरळ राहते. घरातली माणसे एका उंचीची नसतात. म्हणून वर-खाली सरकणारा स्टँड ही चैन नव्हे. दोन-तीन माणसे एकच मॉनिटर वापरणार असतील, तर हर्ट्‌झ थोडे कमी घ्यावेत, पण असा स्टँड घ्यावा. दुहेरी भिंगाचा चष्मा असलेल्या आजी-आजोबांना पडदा आणखी खाली लागतो. जवळचे पाहायचे भिंग चष्म्याच्या खालच्या भागात असते, त्यामुळे उंच पडद्यापुढे ते हनुवटी वर करून बसतात आणि दुसऱ्या दिवशी मान अवघडल्याची तक्रार करतात.

खिडकी पडद्याच्या समोर किंवा मागे नसावी, बाजूला असावी. चकचकीत पृष्ठभागाचा पडदा दुकानात देखणा दिसतो. घरी त्यात आपलाच चेहरा आणि मागची ट्यूबलाइट दिसते. खरखरीत पृष्ठभागाचा घ्यावा.

मॉनिटरचे अंगचे ध्वनिक्षेपक बहुधा क्षीण असतात, म्हणून मुले हेडफोनकडे वळतात. मुलांसाठी ७५ डेसिबलच्या आवाजात आठवड्याला ४० तास ही जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली सुरक्षित मर्यादा आहे. आवाज वाढला की हे तास झपाट्याने घटतात. दोनशे-चारशे रुपये जास्त घालून छोटे स्पीकर घेतले, तर घरालाही कळते की आत काय चालले आहे.

वेळेचा प्रश्न उरतो. पाच ते दहा वर्षांच्या मुलांसाठी पडद्याचा एकूण वेळ दिवसाला दोन तासांच्या आत असावा, आणि दोन वर्षांखालच्या बाळाला नातेवाइकांशी दृक्‌संवाद सोडला तर पडदा दाखवूच नये, असे इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने सांगितले आहे. मोठ्या मुलांच्या बाबतीत झोप, मैदान, अभ्यास आणि घरच्यांशी बोलणे यांतले काय आटले, ते पाहावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात जानेवारी २०२२ पासून खेळाच्या विकाराला स्थान मिळाले आहे. त्याची ओळख तासांवरून होत नाही. खेळावरचा ताबा सुटणे, बाकी सगळ्यापेक्षा खेळ मोठा होणे, नुकसान दिसत असूनही तो चालू राहणे, आणि हे साधारण वर्षभर टिकणे यांवरून होते. सुट्टीत दोन दिवस जास्त खेळलेल्या मुलाला ‘व्यसनी’ म्हणून हिणवू नये.

मॉनिटरचा एक फायदा इथे लक्षात घेण्याजोगा आहे. मोबाइल पांघरुणात जातो. २७ इंची मॉनिटर जात नाही. तो निजायच्या खोलीऐवजी बैठकीच्या खोलीत, येता-जाता दिसेल अशा ठिकाणी मांडला, तर झोपेच्या तासभर आधी तो बंद झाला की नाही, हे वेगळे विचारावे लागत नाही. आमच्याकडे टेबल आता बाल्कनीच्या दाराशी, भिंतीपासून थोडे ओढून ठेवले आहे. मुलाला ही जागा आवडली नव्हती. रात्री साडेनऊला मागचा दिवा बंद होतो, आणि मोबाइल स्वयंपाकघराच्या ओट्यावर चार्जिंगला लागतो, आमचेही.

तर दुकानात जाताना मोजपट्टी, टेबलाचे माप आणि मुलाला सोबत न्यावे. मिटलेल्या खोक्याकडे न पाहता लावलेल्या मॉनिटरसमोर दहा मिनिटे बसावे, मराठी बातम्यांचे एखादे पान उघडून वाचावे, स्टँड वर-खाली करून पाहावा. मृत ठिपका निघाल्यास बदलून मिळेल का आणि किती दिवसांत, हे पावतीवर लिहून घ्यावे. घरी आणल्यावर उजेड पूर्ण ठेवलेला असेल; दुकानाच्या झगमगाटासाठी तो तसाच येतो. संध्याकाळी खोलीतला नेहमीचा दिवा लावावा, पडद्यावर कोरे पांढरे पान उघडावे आणि त्याच्या शेजारी वहीचा कोरा कागद धरावा. पडदा कागदापेक्षा भगभगीत दिसला, तर दोन्ही सारखे पांढरे दिसेपर्यंत उजेड उतरवत जावे. मग मुलाला खेळ लावू द्यावा.